अँकर ब्रूइंग : लहान राहणं कुणाला परवडतं?

१२ जुलै २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूइंग या बियर कंपनीने आपण बंद होत असल्याचं जाहीर केलं. कामगारांच्या हातात साठ दिवसांची नोटीस पडली. मालकी तेव्हा जपानच्या सप्पोरो कंपनीकडे होती. कोविडने केलेलं नुकसान, महागाई (त्यातही सॅन फ्रान्सिस्कोची) आणि बाजारातली चुरस, अशी कारणं देण्यात आली. या नावाने १८९६ पासून बियर निघत होती. १९०६ चा भूकंप आणि त्यापाठोपाठ शहरभर पेटलेली आग, १९२० ते १९३३ ची दारूबंदी, ती उठल्यावर वर्षभराच्या आत लागलेली दुसरी आग, हे सगळं या नावाने सोसलं होतं. मालक बदलले, जागा बदलल्या, पण कुणी ना कुणी चूल पुन्हा पेटवत राहिलं.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात काढली. बातमी वाचली तेव्हा पुण्यात परतून बराच काळ झाला होता, तरी दिवसभर मन लागलं नाही. नंतर या प्रकरणावर जे जे हाती लागलं ते वाचत गेले. बहुतेक लिखाणात दोनच सूर सापडतात. एक म्हणतो, मोठ्या परदेशी कंपनीने एक जुनं घर गिळलं. दुसरा म्हणतो, बाजार बदलला, बियर जुनाट झाली, कुणाचाच दोष नाही. मला दोन्ही अपुरे वाटतात. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा एका प्रश्नात आहे : एखादा कारखाना लहानच राहिला, फार नफा देत नसला, तरी तो चालू ठेवायचा असं ठरवण्याची मुभा कुणाला असते?

आधी ही बियर काय होती ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बियरसाठी बार्ली भिजवून तिला मोड आणतात, मग ती वाळवून भाजतात. आपल्याकडे नाचणीचं सत्व करताना मोड का आणतात हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची तयारी होते. ही बार्ली भरडून गरम पाण्यात मुरवायची, गोड रस गाळून घ्यायचा, तो उकळायचा, उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुलं घालायची, मग निववून यीस्ट लावायचं. लागर प्रकारच्या बियरचं यीस्ट थंडाव्यात काम करतं. एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियात जर्मन कारागीर आले ते हे यीस्ट घेऊन, पण तिथे बर्फाची सोय नव्हती. मग त्यांनी रस उथळ, पसरट हौदांत ओतला, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या गार हवेत तो लवकर निवावा आणि आंबताना फार तापू नये. थंडीतलं यीस्ट उबेत काम करू लागलं, आणि लागरचा स्वच्छपणा व उबेत आंबणाऱ्या ‘एल’ या दुसऱ्या प्रकाराचा फळांसारखा वास अशी दोन्हींची चव एकत्र आली. हीच स्टीम बियर. नाव कसं पडलं याच्या दोन कथा आहेत. कुणी म्हणतं छपरावरच्या हौदांतून वाफ निघायची म्हणून, कुणी म्हणतं पिंपाला तोटी ठोकली की आतला दाब फुस्सकन बाहेर पडायचा म्हणून. अँकरने हे नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतलं, त्यामुळे बाकीचे लोक याच जातीच्या बियरला ‘कॅलिफोर्निया कॉमन’ म्हणतात. म्हणजे एक अख्खी जात जवळजवळ एकाच कारखान्याने जिवंत ठेवली होती.

माझे मामा कोल्हापूरकडचे. त्यांच्या वडिलांपासून घरचं गुऱ्हाळ होतं, ते पुढे बंद झालं. गावातला ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळाला गुळव्या मिळेना, जळण महागलं. मामा माझ्याकडे महिनाभर राहायला आले होते तेव्हा मी त्यांना पोट्रेरो हिलवर अँकरचा कारखाना दाखवायला घेऊन गेले. ते दारूच्या थेंबाला शिवत नाहीत, म्हणून जरा बिचकतच नेलं. मारिपोसा स्ट्रीटवर गाडीतून उतरलो आणि ते जागीच थांबले. हवेत गोड, जड, किंचित करपट असा वास भरला होता. म्हणाले, “अगं पोरी, ह्यो तर काहिलीचा वास!”

आत काचेपलीकडे जर्मनीहून आणलेली तांब्याची भांडी होती, घासून लखलखीत केलेली. मामांनी हात मागे बांधले आणि एकेका भांड्यापुढे उभे राहिले. रस कुठून येतो, किती वेळ उकळतो, मळी कुठे जाते, सगळं मला विचारून घेतलं, आणि मला येईना तेव्हा मी ते कारखाना दाखवणाऱ्या मुलाला विचारलं. आंबवण्याच्या खोलीत ते उथळ हौद होते, वर फेसाचा जाड पांढरा थर. मामा बराच वेळ त्या फेसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यातला गुळव्या कोण?” मी त्या मुलाकडे बोट दाखवलं, तर मान हलवून म्हणाले, “त्यो न्हवं. काहिल कवा उतरायची ते ज्येला कळतं, त्यो कोण?” मी त्यांचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. मुलगा हसला नाही. त्याने भांड्यांच्या बाजूला पाटी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंकडे बोट केलं. मामांनी काचेतूनच त्यांना नमस्कार केला. त्या गोंधळल्या, पण त्यांनीही हात वर केला.

हा प्रसंग इथे सांगितला कारण पुढचे सगळे आकडे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर त्याच बाई येत होत्या.

ज्या माणसामुळे ही भांडी तिथे होती तो म्हणजे फ्रिट्झ मेटॅग. आयोवा राज्यातल्या मेटॅग वॉशिंग मशीनच्या घराण्यातला. वडिलांनी दुग्धशाळा काढून निळ्या बुरशीचं चीज करायला सुरुवात केली होती, त्यामुळे आंबवणं, मुरवणं हे घरात होतंच. स्टॅनफर्डला शिकून तो सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता आणि नॉर्थ बीचमधल्या ओल्ड स्पॅगेटी फॅक्टरी नावाच्या खाणावळीत अँकरची बियर प्यायचा. १९६५ मध्ये तिथल्या मालकाने त्याला सांगितलं, ही कंपनी बंद पडायला आली आहे, एकदा बघून तरी ये. तो बघायला गेला, आणि काही हजार डॉलरांत ५१ टक्के हिस्सा घेऊन बसला. वय सत्तावीस.

घेतलं ते काय, तर मोडकळीला आलेली भांडी, अस्वच्छता आणि पिंपात आंबट होऊन परत येणारी बियर. मेटॅगने सूक्ष्मदर्शक आणला, जंतूंचा अभ्यास केला, सगळं घासून-पुसून घेतलं, साखर-बिखर भेसळ बंद करून निव्वळ बार्लीवर आला. १९६९ मध्ये पूर्ण मालकी घेतली. १९७१ मध्ये बाटल्या भरायला सुरुवात केली. नफा दिसायला जवळपास दहा वर्षं गेली. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही दहा वर्षं आहेत. तोटा सोसणारा माणूस एकटा होता, पैसा त्याचा स्वतःचा होता, आणि कारखाना चालू ठेवायचा की नाही हे विचारायला दुसरं कुणी नव्हतं. वॉशिंग मशीनच्या घरचा पैसा पाठीशी नसता तर हे झालं नसतं, हेही तितकंच खरं आहे, आणि ते लपवून या माणसाची गोष्ट सांगणं प्रामाणिकपणाचं नाही.

त्या काळी अमेरिकेत बियर म्हणजे एकाच चवीचं, फिकट, बर्फासारखं गार पेय. लहान कारखाने एकामागून एक मोठ्यांच्या पोटात गेले होते. १९७८ मध्ये तर अख्ख्या देशात नव्वदच्या आत कारखाने उरले होते. अशा वेळी अँकरने काळी पोर्टर काढली, १९७५ मध्ये लिबर्टी एल काढली. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री पॉल रिव्हिअरने घोडा फेकत इंग्रज सैन्य येत असल्याची वर्दी दिली, त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून. लिबर्टी एलमध्ये कॅस्केड नावाचे अमेरिकन हॉप्स भरपूर वापरले आणि बियर आंबल्यानंतरही वरून घातले. आज जगभरच्या बारमध्ये लिंबा-संत्र्याच्या सालीसारख्या वासाची जी कडक आयपीए (इंडिया पेल एल) मिळते, तिचं मूळ शोधत गेलं तर लिबर्टी एलपाशी थांबावं लागतं. त्याच वर्षी नाताळची खास बियर सुरू झाली. दर वर्षी कृती वेगळी आणि लेबलवरचं झाड वेगळं. ही झाडं जिम स्टिट नावाचे चित्रकार हाताने काढायचे, आणि त्यांनी हे काम चार दशकांहून अधिक काळ केलं. लोक ती लेबलं पाण्यात भिजवून सोडवून वहीत चिकटवत. माझ्या एका सहकाऱ्याच्या स्वयंपाकघरात अशा लेबलांची चौकट टांगलेली होती, मुलीच्या जन्मवर्षापासून पुढची.

मेटॅगने दार उघडं ठेवलं होतं. न्यू अल्बियनचा जॅक मॅकऑलिफ, सिएरा नेवाडाचा केन ग्रॉसमन, असे कितीतरी जण अँकर बघून गेले आणि मग त्यांनी स्वतःचे कारखाने काढले. त्या दोघांनाही कुणी प्रतिस्पर्धी म्हणून हाकललं नाही. आणि मागणी झेपेनाशी झाली तेव्हा मेटॅगने शेअर बाजारात उतरायची तयारी करून पाहिली, आणि मग ते नको असं ठरवलं. कारखाना आहे तेवढाच ठेवायचा. हे ठरवणं जितकं साधं वाटतं तितकं नाही. बँक, वितरक, दुकानदार, सगळे वाढ मागतात. ‘नको’ म्हणायला मालकच लागतो.

२०१० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने कंपनी विकली. घेणारे कीथ ग्रेगर आणि टोनी फोलियो. दोघेही स्काय व्होडका उभी करण्यात असलेले, ब्रँड वाढवण्यात मुरलेले. इथे थांबून पाहायला हवं, कारण सप्पोरोला दोष देणारे हा टप्पा गाळतात. नव्या मालकांनी वाढीचा रस्ता धरला. कॅलिफोर्निया लागर आली, आयपीए आली. २०१३ मध्ये बेसबॉल मैदानाजवळच्या पिअर ४८ या धक्क्यावर उत्पादन कित्येक पटींनी वाढवणारा दुसरा कारखाना काढायची योजना जाहीर झाली. तो कारखाना झाला नाही, पण कंपनीची नजर बदलली ती बदललीच. ‘आहे तेवढंच’ हा शब्द २०१० लाच संपला.

मग ३ ऑगस्ट २०१७. सप्पोरोने अँकर संपूर्ण विकत घेतल्याची घोषणा झाली. किंमत ८.५ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. जपानात बियरचा खप वर्षानुवर्षं घटत होता, त्यामुळे सप्पोरोला बाहेर पाय रोवायचे होते. २००६ मध्ये तिने कॅनडाची स्लीमन घेतली होती, आता अमेरिकेत एक मानाचं नाव मिळालं. त्या काळात असे सौदे रोज होत होते. शिकागोची गूज आयलंड २०११ मध्येच ३.८८ कोटी डॉलरांत बडवायझरवाल्यांकडे गेली होती. सॅन डिएगोच्या बॅलस्ट पॉइंटसाठी कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने २०१५ मध्ये १०० कोटी डॉलर मोजले होते. लागुनिटास २०१५ मध्ये अर्धी आणि २०१७ मध्ये पूर्ण हायनेकेनची झाली.

लहान कारखानदार आपली कंपनी का विकतात, याचं उत्तर अनेकदा वितरणात असतं. दारूबंदी उठल्यापासून अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन पायऱ्यांची पद्धत आहे : कारखानदार वितरकाला विकतो, वितरक दुकानाला वा बारला, आणि तिथून ग्राहकाला. कारखानदाराने थेट दुकानात माल टाकायचा नाही, असा साधारण नियम. त्यामुळे ज्याच्या ट्रकमध्ये आपली बियर आहे त्याचं आपल्याकडे किती लक्ष आहे, यावर सगळं ठरतं. बडवायझरच्या वितरकाचा ट्रक प्रत्येक गल्लीत जातो. गूज आयलंडची गव्हाची बियर त्या ट्रकमध्ये बसली आणि देशभर पोचली, पण ती शिकागोत न बनता न्यूयॉर्क राज्यातल्या मोठ्या कारखान्यात बनू लागली. म्हणजे देवाणघेवाण उघड होती : तुम्ही स्वातंत्र्य द्या, आम्ही ट्रक देतो.

अँकरच्या बाबतीत हा हिशेबच जुळत नव्हता. अमेरिकेत सप्पोरो स्वतः लहान होती, तिचं स्वतःचं असं बलाढ्य वितरणाचं जाळं नव्हतं. म्हणजे अँकरने स्वातंत्र्य दिलं, पण ज्याच्यासाठी बाकीचे देतात तो ट्रक तिला मिळाला नाही. वर क्राफ्ट बियरवाल्यांच्या, म्हणजे लहान, स्वतंत्र कारखानदारांच्या, संघटनेच्या व्याख्येतूनही ती बाहेर पडली. तिथली अट अशी की वर्षाला ६० लाख बॅरलपेक्षा (एक बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर) कमी उत्पादन हवं आणि क्राफ्ट नसलेल्या मद्य कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांच्या आत हवा. त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात संघटनेने स्वतंत्र कारखान्यांसाठी उलट्या बाटलीचं चिन्ह काढलं होतं. ज्या कारखान्याने ही चळवळ सुरू केली त्यालाच ते चिन्ह लावता येईना. मला हे फार लागलं होतं.

आतल्या माणसांचंही बघायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोतलं घरभाडं मी स्वतः भरलं आहे. त्या गावात बाटल्या भरणाऱ्या माणसाने पगारात कसं भागवायचं, हा प्रश्न तोंडावर होता. मार्च २०१९ मध्ये अँकरच्या कामगारांनी गोदी आणि गोदाम कामगारांच्या जुन्या संघटनेत जायचा कौल दिला, आणि वर्षाअखेर पहिला करार झाला. अमेरिकेतल्या क्राफ्ट बियरच्या धंद्यात संघटना जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे त्याची चर्चा झाली. काही लोक नंतर म्हणाले की पगारवाढीने कंपनी बुडाली. मला हे पटत नाही. एका कारखान्यातल्या काही डझन लोकांच्या पगाराने जपानी कंपनीचा ताळेबंद हलत नाही. हलतो तो खपाने.

खप खरोखरच घसरत होता. २०१६ पासूनच उतार लागला होता, म्हणजे सप्पोरो यायच्या आधीपासून. देशात कारखाने नऊ हजारांच्या वर गेले. गढूळ दिसणाऱ्या, गोडसर आयपीएचे दिवस आले. तपकिरी, संयमी, पाव भाजल्यासारख्या वासाची स्टीम बियर फळीवर मागे पडत गेली. विशीतल्या मुलाला ती आजोबांची वाटायची. मार्च २०२० मध्ये बे एरियात घराबाहेर पडायला बंदी झाली, अमेरिकेत सगळ्यात आधी तिथेच. अँकरचा मोठा खप बार आणि रेस्टॉरंटमधल्या पिंपांतून होता. तो एका आठवड्यात शून्यावर आला. घरी नेण्याच्या डब्यांची ज्यांच्याकडे तयारी होती ते तरले, अँकर मुख्यतः बाटली आणि पिंपाची कंपनी होती.

या पडत्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, लेबलं बदलली. हाताने काढलेली, बारीक नक्षीची, जुन्या पोस्टाच्या तिकिटासारखी दिसणारी ती कागदी लेबलं गेली. त्यांच्या जागी सपाट रंग, जाड अक्षरं आणि जहाजाचा मोठा नांगर (म्हणजेच अँकर) आला. हेतू मी समजू शकते, दुकानातल्या फळीवर दहा फुटांवरून डोळ्यांत भरावं असा. पण जो गिऱ्हाईक चाळीस वर्षं टिकून होता त्याला ओळख पटेना, आणि नवा गिऱ्हाईक काही रांग लावून आला नाही. मला यात चूक अशी दिसते : अँकरकडे विकायला इतिहासच होता. आंबवायचे उथळ हौद, तांब्याची भांडी, दर वर्षीचं वेगळं झाड. त्यातलं जे हातात घेऊन बघता येत होतं तेच पुसलं.

आणि मग खरं वळण. २०२२ च्या जूनमध्ये सप्पोरोने स्टोन ब्रूइंग घेत असल्याचं जाहीर केलं, १६.५ कोटी डॉलरांना. सॅन डिएगोजवळ एस्कॉन्डिडोला एक आणि व्हर्जिनियात रिचमंडला एक, असे स्टोनचे दोन मोठे, आधुनिक कारखाने होते. आता सप्पोरोला आपली स्वतःची बियर अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर बनवता येणार होती. तशी योजनाही जाहीर झाली. पोट्रेरो हिलवरची जुनी कॉफी भाजायची इमारत, तीत बसवलेली तांब्याची भांडी, उघडे हौद आणि शहरातल्या चढावर अडकणारे ट्रक हे सगळं या योजनेत कुठे बसणार होतं? सप्पोरोच्या जागी मी असते तर माझ्या कोष्टकातही अँकर शेवटच्या ओळीत गेली असती, आणि म्हणूनच मला कुणाला खलनायक ठरवावंसं वाटत नाही. सप्पोरोने रेसिपी बिघडवली नाही, पिण्याची जागा उघडली, पैसे घातले. पण पाच-सहा वर्षांत तिच्या घरात एक मोठी सून आली आणि धाकटीचं काम उरलं नाही.

जून २०२३ मध्ये अँकरने कॅलिफोर्नियाबाहेरची विक्री थांबवली आणि नाताळची बियर यंदा निघणार नाही असं सांगितलं. माझा सहकारी त्या दिवशी मला फोटो पाठवून म्हणाला की चौकटीत आता जागा मोकळी राहणार. महिनाभरात कंपनीच बंद झाली. पोट्रेरो हिलवरच्या टॅपरूमपुढे (कारखान्याच्याच बारपुढे) शेवटच्या आठवड्यांत रांगा लागल्या. त्या लोकांनी आदल्या दोन वर्षांत थोडी थोडी बियर घेतली असती तर, असं मनात येतं, आणि त्या लोकांत मीही येते. पुण्याला परतण्याआधीच्या वर्षभरात मी स्वतः एकदाही तिथे गेले नव्हते.

मोठ्या कंपन्यांना तरी हे सौदे लाभले का? बॅलस्ट पॉइंट १०० कोटींना घेतलेल्या कंपनीने २०१९ मध्ये ती इलिनॉयमधल्या एका चिमुकल्या कारखानदाराला देऊन टाकली. २०२३ मध्ये बडवायझरवाल्यांनी ब्लू पॉइंट, ब्रेकेनरिज, विडमर असे आठ ब्रँड मिळून टिलरे कंपनीला विकले, ८.५ कोटी डॉलरांना. सहा वर्षांपूर्वी एकट्या अँकरसाठी दिल्याचं सांगितलं जातं तेवढेच. म्हणजे ज्यांनी लहान कारखाने घेतले त्यांनाही ते सांभाळता आले नाहीत. लहान असणं हाच त्या मालाचा गुण होता, आणि मोठ्या हिशेबात लहान असणं हा दोष ठरतो.

आपल्याकडे हा प्रश्न अजून या रूपात आलेला नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं, त्यानंतर शहरात बियर जागेवर बनवून जागेवर प्यायला देणाऱ्या बऱ्याच जागा झाल्या. त्यांची बियर मुख्यतः त्यांच्याच टेबलांवर संपते, त्यामुळे ट्रक आणि फळीचं राजकारण त्यांना फारसं भिडत नाही. बाटलीबंद बियरच्या बाजारात मात्र चित्र आधीच ठरलेलं आहे. किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजमध्ये हायनेकेनचा हिस्सा २०२१ पासून ६१ टक्क्यांच्या वर आहे, आणि बिरामध्ये जपानच्या किरिनने त्याच वर्षी पैसे घातले. पुण्यातल्या एखाद्या जागेला उद्या बाटली भरावीशी वाटली आणि कुणी मोठा हात पुढे आला, तर आधी अँकरचं प्रकरण नीट वाचावं, एवढं मला कळकळीने वाटतं. विशेषतः २०१० आणि २०२२ ही दोन सालं.

कामगारांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. कंपनी बंद झाल्यावर त्यांनी एकत्र येऊन, सहकारी पद्धतीने, कारखाना विकत घ्यायची तयारी दाखवली. सप्पोरोकडे तशी मागणी केली. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा मामा एकदम सावरून बसल्याचं मला आवाजातूनच कळलं. “सोसायटी काढली म्हण की. मग दिली का न्हाई त्यास्नी?” आमच्याकडे शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून साखर कारखाने उभे केलेले त्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे त्यांना यात अशक्य काहीच वाटलं नाही. मी त्यांना सांगितलं की कंपनीकडून ज्यांचं येणं होतं त्यांच्या वतीने मालमत्ता विकायला काढली होती, तिथे ठरल्या मुदतीत रोख पैसा लागतो. आपल्याकडे सहकाराच्या मागे सरकारी भागभांडवल आणि जिल्हा बँक उभी असते, तसं तिथे त्या कामगारांच्या मागे कुणी नव्हतं. दहा वर्षं थांबायला तयार असलेला पैसा त्यांच्याकडे नव्हता.

तो पैसा शेवटी एका माणसाकडेच निघाला. ३१ मे २०२४ रोजी बातमी आली की हमदी उलुकाया यांनी अँकर घेतली : इमारत, भांडी, रेसिपी, नाव. ते चोबानी दह्याचे संस्थापक, तुर्कस्तानातून आलेले. २००५ मध्ये क्राफ्ट फूड्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीने न्यूयॉर्क राज्यात बंद केलेला दह्याचा कारखाना घेऊन त्यांनी सुरुवात केली होती. मेटॅग चीजच्या घरचा, हे दह्याचे. दोघांचाही पैसा दुसरीकडून आलेला, आणि दोघांनाही कुणाची परवानगी न घेता तोटा सोसता येण्यासारखा.

मामांना हेही सांगितलं. दही करणारा माणूस म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं, विरजण राखायचं त्याला कळत असणार, म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “आणि ती पाटी घिऊन हुबी हुती ती बाई? तिला परत बोलावणार का न्हाई?”